सबब, विनंती की

कोर्टाच्या भिंतीला लागून, झेरॉक्सच्या टपरीशेजारी माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली दुमडलेला बाद स्टॅम्पपेपर.
पेंटम्मा म्याकल आली ती पिशवीतून बाटल्या काढतच.
सात बाटल्या. पाण्याच्या. म्हणजे पाण्याच्याच म्हणायच्या.
मंगळवारची लाल. बुधवारची तीच, जराशी उतरलेली.
शुक्रवारची मोरपंखी, इतकी सुंदर
की शेजारचा नोटरी चष्मा काढून बघत राहिला.

"आमच्या बोअरचं हाय," ती म्हणाली.
"नळ येतो पाचव्या दिवशी. मधले दिवस हेच."
मग तेलुगूत काहीतरी, स्वतःशीच.
नीळ्ळु, एवढंच मला कळलं.

मी टाइप केलं: अर्जदार क्रमांक एक, वय अठ्ठावन्न,
धंदा विडी वळणे, राहणार नाल्याच्या काठी.

"नातू झोपेत खाजवूलालाय, रक्त निघंपर्यंत.
रातभर मी त्याचे हात धरून बसते. लिवा."
मी लिहिलं: त्वचाविकार.
एका शब्दात अख्खी रात्र बसली.
वाचून दाखवा म्हणाली. दाखवलं.
ती थोडा वेळ गप्प. मग विचारलं,
"हात कुठं गेले?"

बावीस वर्षं मी हेच करतो.
बांध, भाडेकरू, पोटगी, वारसनोंद.
माणसं भडाभडा बोलतात, मी आटवतो,
आणि आटवलेल्याला शिक्का बसतो.
कुणी असं विचारलं नव्हतं.

सामनेवाला कोण, मी विचारलं.
सामनेवाला म्हणजे डाय हाऊस,
जिथं तिचा नवरा राजेशम एकतीस वर्षं हौदावर उभा आहे.
"ह्यातला लाल आमच्याच माणसानं कालवलाय,"
बाटली उन्हात धरून ती म्हणाली,
त्यात तक्रार होती की अभिमान, मला ठरवता आलं नाही.
"शेठबी आमच्यातलाच. मार्कंडेयाच्या रथाला
एकाच दोराला हात लावतो आम्ही."
गल्लीत तेवीस घरं. सह्या नऊ.
दहावी झाली होती, ती रात्रीत खोडली गेली,
पोरीच्या लग्नाला शेठनं उचल दिली होती म्हणून.

"बंद करा, असं लिवू नका हं.
चूल त्याच्यावरच हाय.
पाणी धुऊन सोडा म्हणा. रंग धुतो तसं पाणी धुवा."

माझ्याकडे तयार वाक्य होतं:
प्रक्रिया न केलेले सांडपाणी.
टाइप केलं, आणि पहिल्यांदाच ते मला
कोरडं वाटलं, पाणी असूनसुद्धा.

मंडळाचा साहेब मागे येऊन गेला होता.
त्या दिवशी बोअरला नितळ पाणी,
नितळ, म्हणजे तोंड बघावं असं.
जाताना त्याला टॉवेल-टोपी, नारळ.
अहवालात लिहिलं, वास नाही, रंग नाही.
तेव्हापासून ही बाई बाटल्या भरते,
झाकणाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर वार.

"अर्जाच्या तीन प्रती लागतील," मी म्हणालो.
"पाण्याच्या पण तीन?"
मला हसू आलं. तिला नाही आलं.

सही तेलुगूत केली, सावकाश.
विडीला दोरा गुंडाळावा तशी गोल गोल अक्षरं.
खाली मी देवनागरीत नाव लिहिलं.
मग, कुणी सांगितलं नसताना,
चौथ्या परिच्छेदात एक ओळ घातली:
रात्री मी त्याचे हात धरून बसते.
पुण्याला लवादापुढे जाण्याआधी वकील ती खोडेल.
खोडू दे. त्याला आधी वाचावी तरी लागेल.

ऊन चढलं होतं. मी मान पुसली.
ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या टॉवेलकडे.
काठ मोरपंखी.
मी बाटलीकडे पाहिलं, मग टॉवेलकडे,
आणि तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

"राहू द्या, पुसा की," पेंटम्मा म्हणाली,
बाटल्या एकेक करून पिशवीत घालत.
"रंग पक्का हाय.
आमचा माणूस चांगला रंगारी हाय."